वस्तीवरील कुत्र्याचे संगोपन आणि कुटुंबाची सुरक्षितता

सोलापूर जिल्ह्यातील अनेक शेतकरी कुटुंबे गावठाण सोडून शेतातील वस्तीवर राहतात. वस्ती म्हटली की गोठा आला, कडब्याची गंज आली, चार कोंबड्या आल्या आणि राखणीला कुत्रा आला. रात्री-अपरात्री विहिरीवरची मोटार चालू करायला जाताना तो पुढे चालतो, अनोळखी माणसाची चाहूल देतो, शेळ्या-मेंढ्यांची राखण करतो. असे असूनही गाई-म्हशींच्या मानाने कुत्र्याकडे आपले फारच दुर्लक्ष होते. गाय आजारी पडली तर आपण लगेच डॉक्टरांना बोलावतो. कुत्र्याला मात्र उरलेली भाकरी टाकली की आपले काम संपले असे समजतो. हे दुर्लक्ष कुत्र्याला तर भोवतेच, पण घरातील मुले, गोठ्यातील जनावरे आणि वस्तीवर येणारी-जाणारी माणसे यांनाही भोवते. म्हणून कुत्र्याची रोजची निगा आणि त्याच्यापासून घ्यावयाची काळजी या दोन्ही बाबींची माहिती या लेखात दिली आहे.

आपल्या भागातील कुत्री

आपल्याकडे वस्तीवर बहुधा गावठी कुत्रीच असतात. ती काटक असतात, उन्हा-पावसाला टिकतात आणि कमी आजारी पडतात. याशिवाय सोलापूर, सांगली आणि शेजारच्या विजापूर, बागलकोट या भागांत कारवान जातीची उंच, सडपातळ आणि वेगाने पळणारी कुत्री पाळली जातात. कर्नाटकात हीच कुत्री मुधोळ या नावाने ओळखली जातात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या पैदाशीला उत्तेजन दिले आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना या जातीची जोडी भेट दिली. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये ज्या चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यात मुधोळ कुत्राही होता. तेव्हा राखणीसाठी परदेशी जातीचे, दाट केसांचे महागडे पिल्लू आणण्याची गरज नाही. सोलापूरचा उन्हाळा अशा कुत्र्यांना सोसत नाही.

कारवान कुत्री पूर्वी सशाच्या शिकारीसाठी वापरली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशी शिकार हा गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवावे.

आहार

आपल्याकडे कुत्र्याला मुख्यतः ज्वारीची भाकरी मिळते. भाकरीतून ताकद मिळते, पण अंगबांधणीसाठी लागणारी प्रथिने पुरेशी मिळत नाहीत. नुसत्या भाकरीवर वाढलेल्या पिल्लाचे पोट सुटते, पाय वाकतात व केस निस्तेज होतात. साधारण २० किलो वजनाच्या वाढ झालेल्या कुत्र्याला दिवसभरात पुढीलप्रमाणे आहार द्यावा.

१) ज्वारीच्या मध्यम आकाराच्या दोन भाकरी, कुस्करून व भिजवून.
२) एक वाटी घट्ट, बिनतिखट शिजवलेली डाळ.
३) दोन उकडलेली अंडी किंवा तेवढ्याच प्रमाणात शिजवलेले, हाडे काढलेले मांस.
४) पाव लिटर दूध. दुधाने जुलाब होत असतील तर त्याऐवजी ताक द्यावे.

हा आहार सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावा. पिल्लांना दिवसातून तीन ते चार वेळा थोडे थोडे खाऊ घालावे. गाभण व दूध पाजणाऱ्या कुत्रीला आहार वाढवून द्यावा. कडक भाकरी कोरडी टाकू नये. शेंगदाण्याची चटणी, लोणचे व तिखट कालवण यांनी माखलेले खरकटे देऊ नये.

काही पदार्थ माणसाला चालतात, पण कुत्र्याला विषासारखे असतात. कांदा व लसूण यांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे व बेदाणे खाल्ल्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पंढरपूर, बार्शी भागातील द्राक्ष बागायतदारांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बेदाण्याच्या शेडजवळ कुत्रा मोकळा सोडू नये आणि मुलांना त्याला बेदाणे चारू देऊ नये. चॉकलेटही देऊ नये. कोंबडीची शिजवलेली हाडे फुटून अणकुचीदार होतात व घशात किंवा आतड्यात रुततात, म्हणून तीही टाळावीत.

उन्हाळ्यातील काळजी

आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्यावाटे अंगातील उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे त्याला पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात साखळीने बांधून ठेवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. दुपारी त्याला लिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत बांधावे. सावली सरकते, तेव्हा साखळी पुरेशी लांब असावी. पाणी मातीच्या पसरट भांड्यात ठेवावे व दिवसातून दोन-तीन वेळा बदलावे. २० किलोच्या कुत्र्याला एरवीही दिवसाला लिटरभर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त लागते.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. कुत्रा जोरजोरात धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, हिरड्या लालभडक झाल्या असतील व तो झोकांड्या खात असेल तर त्याला उष्माघात झाला असे समजावे. त्याला त्वरित सावलीत आणून अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा व शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी प्यायला ठेवावे. जबरदस्तीने तोंडात पाणी ओतू नये. नंतर विलंब न लावता पशुवैद्यकाकडे न्यावे.

गोचीड, पिसवा व जंत

गोचिडांमुळे कुत्र्याचे रक्त तर कमी होतेच, शिवाय गोचीड-ताप होतो. ताप येणे, खाणे सोडणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे ही त्याची लक्षणे आहेत. कान, मान व पायांच्या बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्यात. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. ती बोटांनी चिरडू नये किंवा तिच्यावर रॉकेल ओतू नये. कुत्रा बसतो त्या जागेतील भिंतीच्या भेगा लिंपून घ्याव्यात, कारण गोचिडीची अंडी अशा भेगांतच असतात.

येथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. डाळिंबावर किंवा कपाशीवर फवारण्याचे औषध थोडे पातळ करून कुत्र्याला लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती अत्यंत घातक आहे. कुत्रा अंग चाटतो व विष पोटात जाते. कुत्र्यासाठी असलेलेच गोचीडनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरावे.

जंतांसाठी पिल्लांना वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे. औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी.

मेंढपाळ बंधूंनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. मेंढी किंवा बकरे कापल्यावर त्याचे फुफ्फुस, काळीज, डोके कच्चे कुत्र्यापुढे टाकू नये. त्यातील पाण्याच्या गाठींमधून फीतकृमी कुत्र्याच्या पोटात जातात. त्यांची अंडी विष्ठेवाटे चाऱ्यावर व पाण्यात पसरतात. मेंढीच्या पोटात गेल्यास एका प्रकारच्या कृमीमुळे मेंदूत गाठ होऊन मेंढी एकाच जागी गोल गोल फिरू लागते, तर दुसऱ्या प्रकारच्या कृमीमुळे माणसाच्या यकृतात व फुफ्फुसात मोठ्या गाठी होतात. असे अवयव खोल पुरावेत किंवा जाळावेत. कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी.

लसीकरण

कुत्र्याचे लसीकरण खालीलप्रमाणे करावे.

१) ६ ते ८ आठवडे वय : डिस्टेंपर, पार्व्हो, संसर्गजन्य कावीळ व लेप्टोस्पायरोसिस यांची एकत्रित लस.
२) त्यानंतर दर ३ ते ४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचे वय होईपर्यंत : हीच लस पुन्हा.
३) ३ महिने वय : पिसाळ रोगाची म्हणजे रेबीजची लस. बूस्टर मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने.
४) पुढे दरवर्षी : रेबीजची लस न चुकता, इतर लसी सल्ल्यानुसार.

लस ही २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. औषधाच्या दुकानातून बाटली घेऊन ती खिशात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवून वस्तीवर आणल्यास मे महिन्यात तिचा उपयोग राहत नाही. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणावी किंवा कुत्र्यालाच दवाखान्यात न्यावे. लसीची तारीख व बाटलीवरील क्रमांक लिहिलेले कार्ड जपून ठेवावे.

पिसाळ रोग : सर्वांत मोठा धोका

हा रोग विषाणूमुळे होतो व पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून, चावण्याने, ओरखड्याने किंवा जखमेवर चाटण्याने पसरतो. लक्षणे साधारणपणे १ ते ३ महिन्यांत दिसतात. काही वेळा ती आठवड्यात, तर काही वेळा वर्षाहूनही अधिक काळाने दिसतात. एकदा लक्षणे सुरू झाली की माणूस काय किंवा जनावर काय, वाचण्याची आशा जवळजवळ नसते. मात्र चावल्याबरोबर योग्य उपचार घेतल्यास हा रोग हमखास टाळता येतो.

पिसाळलेला कुत्रा नेहमी धावून येतोच असे नाही. काही कुत्री चवताळतात, दिसेल त्याला चावतात, दगड-काटक्या चावतात, त्यांचा आवाज बदलतो. परंतु काही कुत्री उलट शांत होतात, अंधारात जाऊन बसतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते व गिळता येत नाही. अशा कुत्र्याच्या घशात हाड अडकले असावे असे समजून तोंडात हात घालणारा मनुष्य स्वतःहून संकट ओढवून घेतो.

कुत्रा चावल्यास काय करावे

१) जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवावी. वस्तीवर नळ नसेल तर मोटारीच्या पाइपखाली किंवा तांब्याने धार धरून धुवावी. जखमेवरील बरेच विषाणू या धुण्यानेच निघून जातात. पुढील कोणत्याही उपचाराइतकेच हे महत्त्वाचे आहे.
२) जखमेवर मिरचीपूड, चुना, हळद, तेल, तंबाखू किंवा झाडपाला लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये.
३) त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात जावे.
४) कातडी फुटून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचावे लागते. याबाबत डॉक्टरांना आवर्जून विचारावे.
५) लसीच्या सर्व मात्रा घ्याव्यात. कातडीत टोचण्याची लस ०, ३, ७ व २८ व्या दिवशी, तर दंडात स्नायूत टोचण्याची लस ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी दिली जाते. पहिला डोस घेतला तो दिवस ० धरतात.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, या भीतीने अजूनही काही जण दवाखान्यात जात नाहीत. ती जुनी, जनावरांच्या मेंदूपासून तयार होणारी लस आपल्या देशात २००५ पूर्वीच बंद झाली. आताची लस दंडावर देतात, तिचा त्रास फारसा होत नाही. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांनाही ती देता येते. मंतरलेले पाणी पिणे, विष उतरवून घेणे यात वेळ दवडू नये. चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातावर असेल तर एक दिवसाचा उशीरही महागात पडतो.

मुले अनेकदा मार बसेल या भीतीने चावलेले सांगत नाहीत. लहानसा ओरखडाही लपवू नये, सांगितल्यास कोणी रागावणार नाही, असे मुलांना आधीच समजावून सांगावे. ही एक गोष्ट घरातील मुलाचा जीव वाचवू शकते.

चावलेल्या कुत्र्याला लगेच मारू नये. तो ओळखीचा असेल तर बांधून किंवा कोंडून १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे. चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू असतील तर या मुदतीत तो आजारी पडतो किंवा मरतो. तो १० दिवसांनंतरही धडधाकट असल्यास पुढील मात्रांबाबत डॉक्टर निर्णय देतील. मात्र कुत्र्यावर लक्ष ठेवायचे म्हणून आपले उपचार लांबवू नयेत. उपचार पहिल्याच दिवशी सुरू करावेत. आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे, या भरवशावरही थांबू नये.

गोठ्यातील जनावराला कुत्रा चावल्यास

जनावराची जखमही अशीच साबण-पाण्याने धुवावी. धुताना हातात रबरी हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. पशुवैद्यकाकडून ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी लस टोचून घ्यावी.

पिसाळ झालेली गाय-म्हैस घोगऱ्या आवाजात सतत हंबरते, लाळ गाळते, चारा-पाणी सोडते, कुंथत राहते व मागील पायांतून लुळी पडते. अशा वेळी घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालण्याची चूक अनेकांकडून होते. कोणतेही जनावर अचानक लाळ गाळू लागले तर पशुवैद्यक येईपर्यंत तोंडात हात घालू नये. ज्यांनी हात घातला असेल त्यांनी लगेच डॉक्टरांकडे जावे. अशा जनावराचे दूध वापरू नये. आधी उकळलेले दूध प्यायल्याने रोग होत नाही, म्हणून घाबरून जाऊ नये. कच्चे दूध प्यायले असल्यास मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मेलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावे.

विषबाधा व सर्पदंश

उंदीर मारण्याच्या औषधाच्या गोळ्या, कीटकनाशकाचे रिकामे डबे, बीजप्रक्रिया केलेले बियाणे व युरियाचे पाणी यांपासून कुत्र्याला दूर ठेवावे. फवारणी केलेल्या पंपाचे धुवण ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ टाकू नये. कुत्र्याला एकाएकी फेस, झटके किंवा उलट्या सुरू झाल्यास औषधाचा डबा सोबत घेऊन पशुवैद्यकाकडे जावे, म्हणजे उपचार लवकर ठरवता येतो. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये.

घोणस, नाग किंवा फुरसे चावल्यास कुत्र्याच्या तोंडाला अथवा पायाला सूज येते. जखम कापू नये, दोरी आवळू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे. सर्पविषावरील लस कुत्र्यालाही देता येते. शासनाच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदतीसाठी संपर्क साधता येतो.

येणाऱ्या-जाणाऱ्यांची सुरक्षितता

वस्तीवर दूध संकलनाची गाडी, लाइनमन, पोस्टमन व शेजारी येत-जात असतात. साखर कारखान्याच्या गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची कुटुंबे शेतालगत उतरतात व त्यांची लहान मुले उसाच्या फडात खेळतात. आषाढीला पालखीमार्गावर वारकऱ्यांची गर्दी असते. अशा वेळी कुत्रा बांधून ठेवावा. दिवसभर बांधून ठेवलेला व माराने भेदरलेला कुत्रा अधिक चावरा होतो, म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ सोबत घेऊन फिरवावे. आपल्या कुत्र्याने निष्काळजीपणामुळे कोणाला इजा केल्यास मालक कायद्याने जबाबदार ठरतो.

मुलांना पुढील गोष्टी शिकवाव्यात. कुत्रा खात असताना, झोपलेला असताना किंवा कुत्री पिलांजवळ असताना जवळ जाऊ नये. कुत्रा अंगावर आला तर पळू नये. त्याच्या डोळ्यांत न पाहता झाडासारखे स्तब्ध उभे राहावे.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातील व इतर माळरानांवरील शेतकऱ्यांनी रात्री कुत्री मोकळी सोडू नयेत. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी ती खातात, काळविटांची पाडसे मारतात आणि लांडगे-खोकडांना डिस्टेंपर व पिसाळ रोग देतात. रोग झालेला लांडगा पुन्हा वस्तीवरच येतो, हेही विसरू नये.

संततिनियमन व गावाची जबाबदारी

कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते व सुमारे ६३ दिवसांत पिले देते. नको असलेली पिले माळावर किंवा उकिरड्यावर सोडून दिल्याने बिनलसीची, भटकी कुत्री वाढतात. पिले नको असतील तर कुत्रा व कुत्री दोघांचीही नसबंदी करून घ्यावी. भटक्या कुत्र्यांना विष घालणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ते विष आपल्याच जनावरांच्या पोटात जाण्याचा धोका असतो. त्याने रोगही थांबत नाही, कारण मारलेल्या कुत्र्यांच्या जागी बाहेरची, लस न दिलेली कुत्री येतात.

एकट्याने आपल्या कुत्र्याला लस देणे चांगलेच, परंतु गावातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तरच रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोवा राज्यात गल्लोगल्ली कुत्र्यांचे लसीकरण करण्यात आले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. आपल्या गावातही हे करता येईल. दरवर्षी २८ सप्टेंबर रोजी जागतिक रेबीज दिन असतो. रेबीजची लस शोधणारे लुई पाश्चर यांचा तो स्मृतिदिन होय. त्या सुमारास ग्रामपंचायत, दूध संस्था व पशुवैद्यकीय दवाखाना यांनी मिळून गावात एक दिवसाचे शिबिर भरवावे. वस्तीवरील मालकांनी आपली कुत्री साखळीला धरून आणावीत आणि सोबत शेजारच्या बेवारस कुत्र्यालाही आणावे.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, कुत्र्यासाठी वर्षातून एक लस, दर तीन महिन्यांनी जंतनाशक, रोज पोटभर समतोल आहार आणि सावलीत स्वच्छ पाणी एवढे केले तरी पुष्कळ होते. आणि चावा झालाच तर प्रथम साबण-पाणी व त्याच दिवशी दवाखाना, हा नियम घरातील लहानथोर सर्वांना पाठ असावा. आपल्या कुत्र्याच्या लसीचे कार्ड आजच शोधून पाहावे. ते सापडले नाही किंवा त्यावरील तारखेला वर्ष उलटून गेले असेल, तर पुढील बाजाराच्या दिवशी त्याला सोबत घेऊनच तालुक्याला जावे.